एक खिडकी आणि चार वस्तू: स्टिल लाइफ छायाचित्रण, पायरी-पायरीने

स्टिल लाइफमध्ये, म्हणजे मांडलेल्या निर्जीव वस्तूंच्या छायाचित्रणात, सबबी चालत नाहीत. पोर्ट्रेट काढताना समोरचा माणूस नेमके डोळे मिटतो, डोंगराचा फोटो घ्यायला जावं तर ऐन वेळी ढग उतरतात. टेबलावरची सुरई मात्र तुम्ही ठेवाल तिथे, ठेवाल तशी, हवा तेवढा वेळ उभी राहते. छायाचित्रणाच्या अगदी सुरुवातीला हा स्थिरपणा फार कामाचा होता. छायाचित्रणाच्या आद्य शोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेरने १८३७ मध्ये प्लास्टरच्या मूर्ती आणि इतर वस्तू मांडून चित्र घेतलं. त्या काळच्या प्लेटवर प्रतिमा उमटायला बराच वेळ लागायचा आणि पांढरं प्लास्टर उजेडही भरपूर परतवायचं. आज एका क्लिकमध्ये काम होतं, त्यामुळे थांबायची सक्ती उरलेली नाही. बहुतेक फसलेले स्टिल लाइफ फोटो याच घाईतून येतात.

बहुतेक जण आधी वस्तू गोळा करतात, त्या छान मांडतात, मग कॅमेरा आणतात आणि सर्वांत शेवटी ‘उजेड कमी पडतोय’ म्हणून दिवा लावतात. मी सांगणार आहे तो क्रम याच्या उलट आहे: आधी प्रकाश, मग कॅमेरा, मग पृष्ठभाग आणि वस्तू शेवटी. कारण सोपं आहे. चौकटीत वस्तूसारखीच तिची सावलीही जागा व्यापते, आणि प्रकाश ठरल्याशिवाय सावली कुठे पडणार हे कळत नाही.

प्रकाश: एक खिडकी पुरते

थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडा. टेबल खिडकीला लागून ठेवा, म्हणजे उजेड वस्तूंवर बाजूने येईल. आता खोलीतले सगळे दिवे बंद करा. ही पायरी कंटाळा करून टाळू नका. पिवळसर दिव्याचं रंगतापमान साधारण २७०० ते ३००० केल्विन असतं, दिवसाच्या उजेडाचं ५५०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त. दोन्ही एकत्र आले की वस्तूची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी दिसते. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग जुळवणाऱ्या कॅमेऱ्याच्या सेटिंगने, एका वेळी एकच रंग सुधारतो, दुसरा तेवढाच बिघडतो.

उजेड मऊ की कडक, हे दिव्याच्या ताकदीवर ठरत नाही. वस्तूच्या जागेवरून पाहिलं तर उजेडाचा स्रोत किती मोठा दिसतो, यावर ते ठरतं. एक मीटर रुंदीची खिडकी वस्तूपासून अर्ध्या मीटरवर असेल तर सावलीच्या कडा हळूहळू विरत जातात. तीच वस्तू चार मीटर आत नेली की खिडकी तिच्या दृष्टीने लहान होते आणि सावली रेखीव होऊ लागते. सूर्य प्रचंड आहे, पण इतका दूर आहे की आकाशात लहानशी चकती वाटतो, म्हणून उन्हातली सावली कापल्यासारखी पडते. खिडकीत ऊन येतच असेल तर काचेवर ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरं कापड लावा. मग सूर्याऐवजी तो अख्खा कागदच प्रकाशाचा स्रोत बनतो.

हे वाचून कळत नाही, बघून कळतं. म्हणून कॅमेरा हातात घेण्याआधी एक पांढरं अंडं करड्या कागदावर ठेवा आणि नुसतं निरखा. खिडकीकडची उजळ बाजू, तिथून हळूहळू गडद होत जाणारा मधला पट्टा, त्यानंतरचा सर्वांत काळोखा भाग, आणि त्याच्याही पलीकडे, अंड्याच्या तळाशी, कागदावरून परतलेला मंद उजेड. शेवटी कागदावर पडलेली सावली. अंड्याचा गोलपणा डोळ्याला कळतो तो याच टप्प्यांमुळे. ज्या फोटोत हे टप्पे पुसले जातात त्यात अंडं पांढरी चकती होऊन बसतं.

आता तुम्ही स्वतः टेबलाभोवती फिरा. टेबल म्हणजे घड्याळाची तबकडी आणि कॅमेरा सहाच्या आकड्यावर आहे असं समजा. उजेड सात-आठच्या दिशेने आला तर सगळं स्वच्छ दिसतं, पण सपाट. नऊवरून आला तर वस्तू अर्धी उजळ, अर्धी गडद. दहा-अकराच्या दिशेने, म्हणजे बाजूने आणि थोडा मागून आला तर सावली तुमच्याकडे तिरकी येते, फळाच्या सालीवरचा खडबडीतपणा, कापडाची वीण, लाकडाच्या रेषा उठून दिसतात. बारावरून आलेला उजेड काचेला आणि पातळ पानांना मानवतो, बाकीच्या वस्तू काळ्या आकृत्या होतात. माझा कल दहाच्या आकड्याकडे आहे. शंका असेल तिथे तिथूनच सुरुवात करावी.

सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की खिडकीचा उजेड त्यावरून परतून काळोख सौम्य करतो. पुठ्ठा जवळ आणला की जास्त, दूर नेला की कमी. अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने १९३० मध्ये ढोबळ्या मिरचीचं जे प्रसिद्ध छायाचित्र घेतलं, त्यात मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याची आतली बाजू मिरचीच्या वळणांवर चारी अंगांनी उजेड परतवत होती. एक पत्र्याची वस्तू पार्श्वभूमीही झाली आणि रिफ्लेक्टरही.

पुठ्ठ्याचा मोह मात्र आवरायला हवा. सावलीतला प्रत्येक कोपरा दिसलाच पाहिजे या आग्रहापायी नवखे लोक सगळा उठाव घालवून बसतात. पहिला फोटो नेहमी पुठ्ठ्याशिवाय घ्या. आणि पांढऱ्याच्या जागी काळा पुठ्ठाही ठेवून पाहा. खोलीच्या भिंतींवरून परतणारा उजेड तो शोषून घेतो, सावलीची बाजू आणखी गहिरी होते. पांढऱ्या रंगाच्या खोलीत या काळ्या पुठ्ठ्याची गरज पांढऱ्यापेक्षा जास्त पडते.

एवढ्याने काय होणार असं वाटत असेल तर प्रागच्या योसेफ सुदेकचं काम शोधून पाहा. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या या छायाचित्रकाराने १९४० ते १९५४ या काळात आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीची मालिका केली. वाफ धरलेली काच, पाण्याचा ग्लास, एखादं फूल, बाहेरचं वाकडं झाड. साहित्य म्हणून एवढंच.

रात्री काम करायचं असेल तर एलईडी दिवा घ्या, पण एकच. रंग खरे दिसावेत म्हणून त्याचा सीआरआय (रंग किती खरे दाखवतो याचा शंभरपैकी आकडा) ९५ च्या आसपास असलेला बरा. दिवा आणि वस्तू यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर ताणून लावला की छोटा दिवा खिडकीसारखा वागू लागतो. कागद गरम होणाऱ्या दिव्याला टेकवू नका. दिव्याच्या बाबतीत अंतराचं गणित कडक असतं: अंतर दुप्पट केलं की उजेड एक चतुर्थांश होतो. दिव्यापासून वस्तू ५० सेंमीवर आणि मागचा पडदा १ मीटरवर असेल, तर पडद्यावर वस्तूपेक्षा दोन स्टॉप कमी उजेड पडेल (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) आणि तो आपोआप गडद दिसेल. तोच दिवा मागे नेऊन वस्तू २ मीटरवर आणि पडदा अडीच मीटरवर आला, तर पडद्याला वस्तूच्या सुमारे ६४ टक्के उजेड मिळेल. पार्श्वभूमी काळी हवी की उजळ, हे कागद न बदलता नुसता दिवा सरकवून ठरवता येतं. मोठ्या खिडकीच्या अगदी जवळ हे गणित इतकं काटेकोर चालत नाही, तिथे उजेड सावकाश कमी होतो. नंतर दुसरा दिवा आणावासा वाटला तर आधी पुठ्ठ्याने काम भागतं का ते बघा. बहुतेक वेळा भागतं.

कॅमेरा: एकदा बसवा, मग हात लावू नका

ट्रायपॉड शक्यतो हवाच. त्याचा मुख्य उपयोग फोटो न हलणं हा नाही. चौकट कायम राहते, हा आहे. चौकट कायम असेल तरच सुरई दोन बोटं सरकवल्यावर नेमकं काय बदललं ते कळतं. ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांचा भक्कम ढीग आणि सेल्फ टायमर.

लेन्स फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० ते १०० मिमी, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ ते ६० मिमी. रुंद लेन्सने चौकट भरायची तर फार जवळ जावं लागतं, आणि जवळून पाहिलं की पुढची वस्तू फुगते, मागची आक्रसते. फोनवरही हाच त्रास होतो. म्हणून फोनवर २ एक्स किंवा टेली लेन्स निवडा आणि दोन पावलं मागे या. पोर्ट्रेट मोड बंदच ठेवा. ग्लासच्या कडा आणि देठाभोवतीची जागा त्याला ओळखता येत नाही, तो त्या अर्धवट पुसून टाकतो.

कॅमेऱ्याची उंची वस्तूंवरून ठरते. उंच बाटल्यांसाठी लेन्स बाटलीच्या मध्याएवढ्या उंचीवर आणि कॅमेरा समपातळीत. वरून खाली पाहिलं की बाटल्या तळाकडे निमुळत्या होतात. ताटली, पुस्तक, चष्मा अशा चपट्या वस्तू थेट वरून चांगल्या दिसतात. उंच-बुटक्या वस्तूंचा मिश्र गट असेल तर २० ते ४५ अंशांचा कोन. मी शक्यतो कमी कोनाकडे झुकतो. कॅमेरा खाली आला की वस्तू एकमेकींआड जातात आणि मांडणीत खोली येते.

सेटिंग्जचं काम पाच मिनिटांचं आहे. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती चटकन प्रतिसाद देतो तो आकडा) १००, मॅन्युअल मोड, अॅपर्चर एफ/८ (आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र लहान), फाइल रॉ (कॅमेऱ्याने न सुधारलेली मूळ फाइल). शटर जेवढा लागेल तेवढा. खिडकीच्या मंद उजेडात १/४ सेकंद किंवा त्याहून हळू येईल, बिघडत नाही. वस्तू काही पळून जात नाहीत. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद ठेवलेलं चांगलं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. वस्तूंच्या जागी करडं कार्ड धरून एक फोटो घ्या आणि त्यावरून रंग ठरवा. फोनवर प्रो मोड असेल तर हेच सगळं करा. नसेल तर स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा.

डेप्थ ऑफ फील्डकडे, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो याकडे, मात्र नीट लक्ष द्यावं लागतं, कारण इतक्या जवळून ते झपाट्याने कमी होतं. फुल फ्रेमवर ५० मिमी लेन्सने १ मीटरवरून एफ/८ ला साधारण १८ सेंमी खोलीचा भाग स्पष्ट येतो. एफ/२ ला जेमतेम साडेचार सेंमी. १०० मिमी लेन्सने अर्ध्या मीटरवरून फोटो घेतला तर एफ/८ लाही १ सेंमीच हाती लागतो. मग वाटतं, एफ/२२ वर जावं. जा, पण एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. सगळं स्पष्ट हवंच असेल तर कॅमेरा न हलवता पुढून मागे फोकस सरकवत पाच-सात फोटो घ्या आणि संगणकावर जोडा. मुळात सगळं स्पष्ट हवं का, हे आधी विचारा. मुख्य वस्तूची पुढची कड धारदार असेल तर मागचं नाशपाती थोडं धूसर असलं तरी डोळ्याला खटकत नाही. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये दहा पट मोठं करून हाताने लावा.

पृष्ठभाग आणि पाठ

खाली चकचकीत काही नको. जुनी फळी, दगडी लादी, जाड कागद, न चमकणारं कापड. रंग मध्यम आणि निरुत्साही असलेले बरे: करडा, मातकट, मळका निळा. पृष्ठभाग आणि मागचा पडदा जिथे मिळतात ती आडवी रेष फार त्रास देते. ती चौकटीच्या बरोबर मधोमध नको आणि सुरईच्या गळ्याला छेदून जाणारी तर मुळीच नको. गळा कापल्यासारखा दिसतो. रेषच नको असेल तर मोठा कागद मागच्या भिंतीला उंच चिकटवून घडी न पाडता टेबलावर ओघळू द्या. कापड वापरणार असाल तर एक तर ते कडक इस्त्री करून घ्या, नाही तर मुद्दाम मोठ्या घड्या पाडा. कपाटात ठेवल्याने पडलेल्या घडीच्या सरळ रेषा कॅमेरा कधीच माफ करत नाही.

वस्तू: एकेक करून

कोणत्या वस्तू घ्याव्यात? सुंदर असायलाच हवं असं नाही. अमेरिकी छायाचित्रकार अर्विंग पेनने १९७२ मध्ये विझलेल्या सिगारेटींची थोटकं घेऊन मालिका केली आणि ती प्लॅटिनम प्रिंट्सवर मोठी करून दाखवली. सुरुवातीला मात्र स्वतःला मदत होईल अशा वस्तू निवडा: आकार साधे, रंग तीनपेक्षा जास्त नाहीत, पृष्ठभाग वेगवेगळे. पुढच्या पायऱ्यांसाठी मी चिनीमातीची न चमकणारी सुरई, दोन नाशपाती, एक सुरी आणि एक कापड धरतो. अक्षरं छापलेली वस्तू टाळा; डोळा आधी अक्षरं वाचतो, बाकी सगळं नंतर.

पहिली सुरई ठेवा, एकटीच. इथून पुढे टेबलाकडे नव्हे, कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघत मांडायचं. आपल्याला दोन डोळे असतात, त्यामुळे समोरचं अंतर आपोआप कळतं. कॅमेऱ्याला एकच डोळा आहे. टेबलावर मोकळ्या वाटणाऱ्या दोन वस्तू चौकटीत एकमेकींना चिकटलेल्या निघतात. कॅमेरा संगणकाला किंवा फोनला जोडून चित्र मोठ्या पडद्यावर बघता आलं तर उत्तम.

सुरई ठरली की तिच्या बुडाभोवती पेन्सिलने हलकी खूण करा किंवा चिकटपट्टीचा तुकडा लावा. आपल्या बाटल्या आणि भांडी वर्षानुवर्षं रंगवत राहिलेला बोलोन्याचा चित्रकार जॉर्जो मोरांदी हेच करायचा. त्याच्या टेबलावरच्या कागदांवर वस्तूंच्या बुडांच्या पेन्सिल-रेषांचं जाळं झालेलं आहे. खूण असली की वस्तू उचलून पुसता येते, दुसरी पर्यायी जागा बेधडक करून बघता येते आणि पुन्हा मूळ ठिकाणी येता येतं.

आता पहिलं नाशपाती. ते सुरईपासून वेगळं ठेवायचं की तिच्यापुढे थोडं झाकणारं, हे ठरवा. दोन्ही चालतं. चालत नाही ती मधली अवस्था, जिथे दोन कडा जेमतेम एकमेकींना टेकतात. तिथे दोन्ही वस्तू एकाच प्रतलात चिकटल्यासारख्या दिसतात आणि डोळा तिथेच अडखळतो. एक तर चांगलं तिसऱ्या हिश्शाएवढं झाका, नाही तर स्पष्ट फट ठेवा. वस्तू आणि चौकटीची कड यांनाही हाच नियम. देठाचं टोक चौकटीला टेकलेलं मी चांगल्या चांगल्या फोटोंमध्ये पाहिलं आहे.

दुसरं नाशपाती आडवं ठेवून पाहा. एकाच जातीच्या दोन वस्तू एकाच पवित्र्यात उभ्या राहिल्या की फोटो सूचीपत्रातला वाटतो. एकाचा देठ डावीकडे, दुसऱ्याचं बूड आपल्याकडे, एक उजेडात, दुसरं अर्धं सुरईच्या सावलीत. वस्तू विषम संख्येत असाव्यात हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो मी फारसा पाळत नाही. तीन वस्तूंची मांडणी सहज जमते एवढं खरं, पण चार वस्तूंपैकी दोन जवळ आल्या की डोळा त्यांना एकच गट मानतो आणि हिशेब तसाही बदलतो. संख्येपेक्षा उंचीतला फरक बघा: एक उंच, एक मधली, एक जमिनीलगत.

मग सुरी. टोकदार वस्तू दिशा दाखवतात. सुरीचं पातं चौकटीबाहेर बघत असेल तर नजर त्या वाटेने बाहेर पडते. पातं आत, नाशपातीकडे वळवा. मूठ टेबलाच्या कडेबाहेर थोडी आली तर मांडणीला एकदम खोली येते. सतराव्या शतकातल्या डच चित्रांमध्ये ही युक्ती वारंवार दिसते. पीटर क्लास आणि विलेम हेडा यांच्या टेबलांवर सुरी किंवा ताटली कडेबाहेर डोकावत असते आणि आपल्याला ती सावरावीशी वाटते.

प्रत्येक वस्तू ठेवल्यावर एक फोटो घ्या. मग ती काढून पुन्हा घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. वस्तूने काही आणलं नसेल तर ती काढून टाका, कितीही आवडती असली तरी. चार वस्तूंनी सुरू केलेला खेळ तीनवर थांबला तर तो अनेकदा फायद्याचा असतो.

या टप्प्यावर सावल्यांकडे परत या. सुरईची सावली नाशपातीवर चढते का? चढत असेल तर तिची कड फळाच्या कुठल्या भागावरून जाते? सुरीच्या सावलीने पात्याला समांतर आणखी एक रेष काढली आहे का? हंगेरियन छायाचित्रकार आंद्रे केर्तेसने १९२८ मध्ये ताटलीच्या कडेला टेकवलेल्या एका काट्याचं छायाचित्र घेतलं. त्यात काटा, ताटली आणि सावल्या याखेरीज काही नाही. सावली काट्याच्या दातांइतकीच ठळक आहे, आणि ती बाजूला केली तर चित्र उरत नाही. वस्तू एक बोटभर सरकवली की सावली किती सरकते ते पाहा. कित्येकदा वस्तू जिथे हवी तिथे असते आणि सावली चुकलेली असते. अशा वेळी वस्तूला हात न लावता उजेड किंवा पुठ्ठा हलवायचा.

मांडणी जमली का हे तपासायला डोळे बारीक करून बघा. तपशील जातात, फक्त उजळ आणि गडद ठिगळं उरतात. कॅमेऱ्याचा पडदा कृष्णधवल करूनही हेच दिसतं. सर्वांत उजळ ठिगळ मुख्य वस्तूवर नसून कापडाच्या कोपऱ्यावर असेल तर कापड दुमडा.

चमकणाऱ्या आणि पारदर्शक वस्तू

वर सांगितलेलं सगळं न चमकणाऱ्या वस्तूंना लागू आहे. धातू आणि काच आले की डोकं वेगळं चालवावं लागतं. धातूवर उजेड टाकून उपयोग नसतो. धातू आजूबाजूचं जे ‘पाहतो’ तेच आपल्याला दाखवतो. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. म्हणून कॅमेऱ्याच्या जागेवरून विचार करा: माझी नजर या चमच्यावर आपटून कुठे जाते? तिथे जे असेल ते चमच्यात दिसणार. सपाट पातं असेल तर एका पांढऱ्या पुठ्ठ्याने काम होतं. तो पुठ्ठा त्या कोनात ठेवला की अख्खं पातं चंदेरी होतं. चमच्याच्या फुगीर बाजूला मात्र जवळपास अख्खी खोली दिसते, तुमच्यासकट. त्याच्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू करा, बाहेरून उजेड द्या आणि कागदातल्या छोट्या छिद्रातून फोटो घ्या. मग धातू इतका एकसारखा पांढरा होतो की प्लास्टिक वाटावा. त्यावर उपाय म्हणजे तंबूच्या आत काळ्या कागदाच्या एक-दोन अरुंद पट्ट्या. धातूवर काळी रेघ उमटते आणि धातूपणा परत येतो.

काचेसाठी दोन जुन्या पद्धती आहेत आणि दोन्ही खिडकीवर करता येतात.

पहिलीत काच उजळ पार्श्वभूमीवर काळ्या कडांनी रेखली जाते. खिडकीवर ट्रेसिंग पेपर लावा, ग्लास तिच्यापुढे थोड्या अंतरावर ठेवा आणि कॅमेरा खिडकीकडे रोखा. समोरून उजेड नको. चौकटीच्या बाहेर, ग्लासच्या दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे करा आणि जवळ आणत जा. ग्लासच्या कडा त्या पुठ्ठ्यांना पकडतात आणि बारीक, काळ्या, शाईसारख्या रेषा तयार होतात.

दुसरी पद्धत नेमकी उलटी. त्याच खिडकीच्या मधोमध, ग्लासच्या मागे काळा पुठ्ठा लावा. तो जेमतेम चौकट भरेल एवढाच मोठा हवा. त्याच्या चारी बाजूंनी येणारा खिडकीचा उजेड काचेच्या कडा पकडतात आणि काळोखात ग्लास पांढऱ्या रेषांनी उजळतो. पुठ्ठा लहान-मोठा करत रेषेची जाडी ठरवता येते. या पद्धतीत धुळीचा प्रत्येक कण चांदणीसारखा चमकतो, तेव्हा ग्लास आधी धुवून, पुसून, कडेला धरूनच ठेवा.

पोलरायझर फिल्टर काच, पाणी, पान, वार्निश यांच्यावरची चकाकी कापतो. काचेच्या बाबतीत लंबाशी साधारण ५६ अंशांच्या कोनात सर्वांत जास्त. उघड्या धातूवर त्याचा जवळपास उपयोग होत नाही. आणि फळावरची सगळीच चकाकी काढून टाकू नका. सालीवरचा तो छोटा पांढरा ठिपका गेला की फळ शिळं दिसतं.

फळावर पाण्याचे थेंब हवे असतील तर पाणी आणि ग्लिसरीन समप्रमाणात मिसळून फवारा. साधं पाणी ओघळतं आणि सुकतं, हे मिश्रण बराच वेळ टिकतं. असं फळ नंतर खाऊ नये.

पांढरी आणि काळी वस्तू कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवते. मीटर सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे पांढरी सुरई पांढऱ्या कागदावर ठेवली की फोटो मळकट येतो. एक्स्पोजर साधारण एक स्टॉप वाढवा. काळ्यावर काळं असेल तर तेवढंच कमी करा. मॅन्युअल मोडमध्ये मीटरची सुई कुठे आहे हे विसरून हिस्टोग्रामकडे (गडद छटा डावीकडे, उजळ उजवीकडे दाखवणारा आलेख) बघा. उजवी कड भिंतीला आपटत नसली म्हणजे उजळ भागातला तपशील शाबूत आहे.

शटर दाबण्याआधी आणि नंतर

आता मऊ ब्रश आणि हवेचा पंप घ्या. धूळ, कापसाचा तंतू, बोटांचे ठसे. इथे दिलेली पाच मिनिटं संगणकावरचा तासभर वाचवतात. चकचकीत वस्तू सुती हातमोजे घालून हाताळा. गडगडणारं फळ किंवा उभं न राहणारी सुरी मागच्या बाजूने चिकट पुटीच्या गोळीने थोपवा. स्वतः गडद कपडे घालून काम करा. भडक सदऱ्याचा रंग सुरईवर उतरलेला फोटोत हमखास दिसतो.

खिडकीचा उजेड तुमची वाट बघत नाही. ढग सरकला की स्टॉपभराचा फरक पडतो, म्हणून मांडणी सावकाश करावी आणि अंतिम फोटो भराभर घ्यावेत: एक ठरलेल्या एक्स्पोजरला, एक थोडा कमी, एक थोडा जास्त. उजेड बराच बदलला असेल तर करडं कार्ड पुन्हा धरा.

मांडणी मोडायच्या आधी फोटो मोठ्या पडद्यावर शंभर टक्के आकारात बघा. फोकस मुख्य वस्तूच्या पुढच्या कडेवर आहे ना, कोपऱ्यात टेबलाची नको असलेली कड डोकावत नाही ना, सुरीच्या पात्यात तुमचं प्रतिबिंब नाही ना. एकदा नाशपाती हललं की तोच फोटो पुन्हा जुळवणं जवळजवळ अशक्य असतं. वेळ असेल तर मांडणी तशीच ठेवून एकच गोष्ट बदला: पांढऱ्या पुठ्ठ्याऐवजी काळा, किंवा कॅमेरा हातभर खाली.

संपादनात फार काही उरत नाही. उरत असेल तर टेबलाकडे परत जाणं अधिक सोपं. करड्या कार्डावरून रंग पक्का करा, राहिलेले धुळीचे ठिपके काढा, कर्व्हने (उजळ-गडद छटा बदलणाऱ्या वक्ररेषेने) सावल्या हव्या तेवढ्या खोल करा. क्लॅरिटीचा (बारीक पोत उठवणारा) स्लायडर जपून वापरा. नाशपातीची साल त्याने खरबरीत दगडासारखी होते. उजेडाने जे सांगितलं आहे त्याच दिशेने हलका हात फिरवायचा: उजळ बाजू कणभर उजळ, कोपरे कणभर गडद. कागदावर छापणार असाल तर एक गोष्ट आधीच धरून चला. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद नाही, त्यामुळे छापील प्रत पडद्यापेक्षा गडद येते आणि सावल्यांमधला तपशील सर्वांत आधी बुडतो. पडद्याची चमक कमी करून तपासा, मधल्या छटा थोड्या वर उचला आणि मोठी प्रत काढण्याआधी त्याच कागदावर एक छोटी चाचणी प्रत काढून ती खिडकीजवळ धरून बघा.